‘कृष्णवर्णीयांचे संगीत’ : ही नोंद कोशात हवी काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतमालाचे भाव, सहकारी संस्थांची स्थिती आणि पंचायतींचे अधिकार या विषयांच्या रांगेत अमेरिकेतील काळ्या लोकांच्या संगीताचा विषय येऊन बसला, याचे आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. तो कसा आला ते आधी सांगतो. आपले तीन-चार तरुण सहकारी सध्या एका छोट्या मराठी कोशासाठी संगीतविषयक नोंदी तयार करीत आहेत. जॅझची नोंद झाली, ब्लूजची झाली, बँजो या वाद्याची झाली. पुढे यादीत ‘ब्लॅक म्युझिक’ हे शब्द आले आणि तेथे गाडी अडली. एकाचे म्हणणे असे की, अशी नोंद घेणे म्हणजे वंशवादाला कोशाची मान्यता देणे होय. सुरांना कातडी नसते. दुसऱ्याचे म्हणणे असे की, अशी नोंद न घेणे म्हणजे तीनशे वर्षांची लूट सभ्य शब्दांखाली झाकून टाकणे होय. दोघेही आपल्याच विचारांचे, दोघेही प्रामाणिक आणि दोघेही हट्टी. त्यांनी आपापले म्हणणे दोन-दोन पाने लिहून माझ्याकडे पाठविले. मी संगीताचा जाणकार नव्हे. आयुष्य इतिहास शिकविण्यात गेले आणि गाणे ऐकण्याची थोडी सवय आहे, एवढीच माझी पात्रता. परंतु ती पाने वाचताना माझ्या ध्यानात आले की हा वाद संगीताचा कमी आणि वर्गवारीचा अधिक आहे. आणि माणसांची वर्गवारी कोण करतो व कशासाठी करतो, हा प्रश्न आपल्या चळवळीला परका नाही.

प्रथम नावाचाच घोळ पाहा. ‘ब्लॅक म्युझिक’ला मराठीत काय म्हणावे? ‘कृष्णसंगीत’ म्हटले तर वाचक गोकुळातली बासरी शोधत येईल. ‘काळे संगीत’ म्हटले तर कोणा काळे आडनावाच्या गवयाची ती नोंद असावी असे वाटेल. शेवटी ‘कृष्णवर्णीयांचे संगीत’ असेच म्हणणे भाग पडते. इंग्रजीत ते विशेषण थेट संगीताला जाऊन चिकटते आणि जणू संगीतच काळे असल्याचा भास होतो. मराठी मात्र आपल्याला मध्ये माणसे आणायला लावते आणि त्या माणसांना षष्ठीचा प्रत्यय जोडायला लावते. षष्ठी ही संबंधाची आणि स्वामित्वाची विभक्ती. म्हणजे व्याकरणाने अनायास खरा प्रश्न पुढे ठेवला आहे : हे संगीत कोणाचे? या षष्ठीचा इतिहास हाच या नोंदीचा विषय होय, असे माझे मत आहे. ते कसे बनले ते आता मांडतो.

कातडी ही कसोटी मानून काळ्या माणसाने केलेले ते कृष्णवर्णीयांचे संगीत, अशी व्याख्या करून पाहू. ती दोन पावलेही चालत नाही. फ्लॉरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय स्त्रीने रचलेली पहिली सिंफनी १९३३ साली शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजविली. साचा सारा युरोपीय, आणि तिसऱ्या भागात मात्र मळ्यांवरच्या गुलामांच्या ‘जुबा’ नाचाची लय. तिला कोणत्या कप्प्यात घालावयाचे? ‘हाउंड डॉग’ हे गाणे लीबर आणि स्टॉलर या दोन गोऱ्या ज्यू तरुणांनी बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेसाठी लिहिले. तिची तबकडी १९५३ साली निघाली, आणि १९५६ साली तेच गाणे गाऊन एल्विस प्रेस्लीने जग जिंकले. आता हे गाणे कोणाचे? लिहिणाऱ्यांच्या रंगावरून ठरवावे, गाणारीच्या, की ज्याच्या नावावर ते अधिक खपले त्याच्या? आणखी एक विचित्र गोष्ट अशी की, १९१७ साली निघालेली जॅझची पहिली तबकडी ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड’ या गोऱ्यांच्या ताफ्याची होती.

मग कातडी सोडून नाद धरावा, असे कोणी म्हणेल. कृष्णवर्णीयांच्या संगीताची म्हणून काही लक्षणे ग्रंथांतून सांगितली जातात : एकाने ओळ टाकावी आणि इतरांनी ती उचलावी, ठेका अपेक्षित जागेवरून सरकवावा, स्वर थोडा दाबून, कलता लावावा, आयत्या वेळी रचना फुलवावी. १९८७ साली फिलिप टॅग या ब्रिटिश संगीतशास्त्रज्ञाने एक अनावृत पत्र लिहून या लक्षणांची झाडाझडती घेतली. यांतील प्रत्येक लक्षण युरोपच्या, विशेषतः ब्रिटिश बेटांच्या लोकसंगीतात सापडते, हे त्याने दाखविले; आणि ‘काळे संगीत’ हा शब्द सर्रास वापरणारे लोक ‘गोरे संगीत’ असे कधीच का म्हणत नाहीत, असा नेमका सवाल केला. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये एकजण स्तोत्राची ओळ सांगतो आणि मंडळी ती ओढून, आळवून गातात. केंटकीच्या डोंगरातील गोऱ्यांच्या जुन्या बाप्टिस्ट मंडळ्यांतही हीच रीत आहे, आणि स्कॉटलंडच्या बेटांवर गेलिक भाषेतील स्तोत्रे अशीच गातात. अक्षरओळख नसलेल्या भक्तांसाठी सतराव्या शतकात ब्रिटनमध्ये केलेली ती सोय होती. आणि इतके दूर तरी कशाला जावे? आपला शाहीर ओळ टाकतो व झीलकरी ती उचलतात. त्या पोवाड्यात आफ्रिका शोधायला कोणी जात नाही.

याचा अर्थ आफ्रिकेतून काही आलेच नाही असा नव्हे. बँजो आला, आणि त्याच्याबरोबर तो वाजविणारा हात आला. वर्तुळ धरून, पाय घासत देवाला आळविण्याची रीत आली. परंतु जे आले ते तेथल्या मातीत इतरांच्या आलेल्यात मिसळले, आणि त्या मिश्रणातून नादाची अशी एकही खूण काढता येत नाही, की जी सर्व काळ्यांच्या संगीतात आहे आणि इतर कोणाच्याच संगीतात नाही. इथपर्यंत आपल्या पहिल्या मित्राची सरशी झाली असे धरून चालू. सुरांना कातडी नसते.

पण कायद्याला असते, आणि बाजारालाही असते. येथून दुसऱ्या मित्राचे म्हणणे सुरू होते.

१७३९ साली साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले. ढोल वाजवीत ते निघाले होते. बंड मोडल्यावर १७४० साली वसाहतीने जो कायदा केला, त्यात गुलामांनी ढोल, शिंगे वा मोठा आवाज करणारी वाद्ये बाळगण्यास मनाई केली. गोऱ्याच्या हातातला ढोल ते वाद्य आणि काळ्याच्या हातातला ढोल तो गुन्हा, अशी ही वर्गवारी होती. ती कोणा संगीतशास्त्रज्ञाने केली नव्हती. मळेवाल्यांच्या विधिमंडळाने केली होती.

पुढे १८३० च्या सुमारास टी. डी. राइस नावाचा गोरा नट तोंडाला काजळी फासून रंगमंचावर आला आणि ‘जिम क्रो’ नावाच्या काळ्या माणसाचे सोंग नाचू लागला. ते सोंग इतके गाजले की काळ्यांना वेगळे ठेवणाऱ्या पुढच्या साऱ्या कायद्यांना तेच नाव पडले. अशा काजळी फासलेल्या ताफ्यांनी काळ्यांचे संगीत म्हणून गाणी विकली, छापली, देशोदेशी नेली. ‘कृष्णवर्णीयांचे संगीत’ हा माल अमेरिकेच्या बाजारात आला तो असा, आणि त्या बाजारात प्रत्यक्ष कृष्णवर्णीय जवळजवळ नव्हतेच. षष्ठी त्यांची, आणि पेटी दुसऱ्याची.

ती षष्ठी स्वतःच्या तोंडाने उच्चारण्याचा मोठा प्रयत्न १८७१ साली झाला. नॅशव्हिलचे फिस्क विद्यालय मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी निघालेले. पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात होते. तेथील मुलामुलींचा एक गायनसंच निधी गोळा करण्यासाठी बाहेर पडला. त्यांतले बहुतेक जन्माने गुलाम होते. आईबापांची गुलामीतली भजने चारचौघांत म्हणायला त्यांना आरंभी संकोच वाटे; ती गाणी पवित्र होती आणि दुःखाची होती, प्रयोगाची नव्हती. म्हणून ते आधी युरोपीय गीते गात. श्रोत्यांना मात्र भजनांनीच हलवून सोडले. १८७३ साली हे ‘ज्युबिली सिंगर्स’ इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीपुढे गायले, आणि त्यांनी जमविलेल्या पैशातून विद्यालयाची ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. त्याच १८७३ साली इकडे पुण्यात महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ती अर्पण केली. या दोन घटनांचा परस्परांशी धागा होता असे मी म्हणत नाही. परंतु ज्यांच्या मुक्तीचे फुल्यांनी अभिनंदन केले, ती माणसे त्याच वर्षी स्वतःच्या आवाजात काय सांगत होती, हे आपल्या कोशाच्या वाचकाला कळले तर बरे.

आता बाजाराकडे परत येऊ. १९२० सालच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये मेमी स्मिथ या काळ्या गायिकेने ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. काळी माणसे तबकड्या विकत घेतात हा शोध त्या गाण्याच्या खपाने कंपन्यांना लागला. काळ्यांसाठी ‘रेस रेकॉर्ड्‌स’ या नावाची वेगळी मालिका निघाली. १९२३ साली फिडलिन जॉन कार्सन या गोऱ्या सारंगियाची तबकडी चालली, तेव्हा दक्षिणेतल्या गरीब गोऱ्यांसाठी आणखी एक मालिका निघाली आणि तिला ‘हिलबिली’ हे हेटाळणीचे नाव चिकटले. दोन्हीकडे मागे माणूस एकच होता, राल्फ पीअर. गंमत अशी की दक्षिणेत ही दोन्ही माणसे एकमेकांची गाणी गात होती, एकमेकांची वाद्ये वाजवीत होती. सूचीत मात्र त्यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. पुढे संशोधकांनी आणि कोशकारांनी ती सूचीच निसर्गनियम मानली व एका बाजूच्या संगीताला ब्लूज, दुसरीला कंट्री म्हणून स्वतंत्र वंशवृक्ष काढून दिले.

या विक्रीच्या शब्दांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. ‘बिलबोर्ड’ हे व्यापारी नियतकालिक लोकप्रिय गाण्यांच्या याद्या छापते. १९४२ साली काळ्यांच्या यादीचे नाव हार्लेमवरून ठेवले होते. १९४५ मध्ये ते ‘रेस’ झाले, १९४९ मध्ये ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’, १९६९ मध्ये ‘सोल’, १९८२ मध्ये सरळ ‘ब्लॅक’, आणि १९९० मध्ये पुन्हा ‘आर अँड बी’. मध्यंतरी १९६३ च्या अखेरीपासून १९६५ च्या आरंभापर्यंत ही यादीच बंद होती, कारण दोन्हीकडचे लोक तीच गाणी विकत घेऊ लागले होते. म्हणजे भिंत पडली होती. ती पुन्हा बांधण्यात आली. आणि ही काही जुनी गोष्ट नाही. २०१९ साली लिल नॅस एक्स या काळ्या तरुणाचे ‘ओल्ड टाउन रोड’ हे गाणे याच नियतकालिकाच्या कंट्री यादीतून काढून टाकण्यात आले, आणि सर्वसाधारण यादीत ते एकोणीस आठवडे पहिल्या जागी राहिले.

बँजोची गोष्टही याच भिंतीची गोष्ट आहे. दुध्या भोपळ्याच्या तुंब्याला कातडे ताणून केलेले हे गुलामांचे वाद्य काजळीवाल्यांनी उचलले, त्यांच्याकडून ते डोंगरात गेले आणि विसाव्या शतकात ते गोऱ्या पहाडी माणसाचे चिन्ह बनून बसले. काळ्या तरुणाने बँजो हाती घेतला तर लोकांना तो उपरा वाटू लागला. तोंडपट्टी वाजविणारा डीफोर्ड बेली हा नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नभोवाणी कार्यक्रमाच्या पहिल्या लोकप्रिय कलावंतांपैकी एक. त्या कार्यक्रमाचे नावच १९२७ साली त्याच्या वादनापाठोपाठ पडले. १९४१ साली त्याला काढून टाकले, आणि पुढची कित्येक वर्षे त्याने नॅशव्हिलमध्ये बुटांना पॉलिश करण्याचे दुकान चालविले. तो १९८२ साली वारला. कंट्री संगीताच्या मानकऱ्यांच्या दालनात त्याचे नाव २००५ साली लागले.

आता एक हकिकत थोडी सविस्तर सांगतो. १९५९ साली लोकगीतांचा संग्राहक ॲलन लोमॅक्स हा ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन मिसिसिपी राज्याच्या तुरुंगात गेला. तेथे काळ्या कैद्यांची एक टोळी लाकडे फोडीत होती आणि कुऱ्हाडीच्या घावांवर एक गाणे म्हणत होती. गाण्यातला लॅझरस हा पोलिसांनी ठार केलेला एक गरीब माणूस. ओळ टाकणाऱ्या कैद्याचे नाव जेम्स कार्टर. लोमॅक्सने ते टिपले, पुढे त्याची तबकडी निघाली. कार्टर सुटला, शिकागोला गेला, नोकरी करून निवृत्त झाला. २००० साली कोएन बंधूंच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटात ते गाणे वापरले आणि त्याच्या संगीताच्या ध्वनिमुद्रिकेत ते पहिले घातले. ती लाखांनी खपली, आणि २००२ साली तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मग कार्टरचा शोध सुरू झाला. तो सापडला तेव्हा त्याचे वय शहात्तर होते आणि आपण असे काही गायलो होतो हे त्याला आठवतही नव्हते. त्याच्या हाती सुमारे वीस हजार डॉलरचा धनादेश देण्यात आला. पुढच्याच वर्षी तो वारला.

ही ध्वनिमुद्रिका लोक कशी ओळखतात? दक्षिणेतल्या गोऱ्या पहाडी लोकांच्या जुन्या संगीताचा संग्रह म्हणून. दुकानात ती कंट्रीच्या फळीवर असे. मग कोशात या गाण्याला कोठे बसवावे? ‘श्रमगीते’ या नोंदीत ते शोभेल; ‘लोकसंगीत’ या नोंदीतही शोभेल. आपला पहिला मित्र म्हणेल, तेवढ्याने काम भागले. पण भागत नाही. लाकूड फोडणारे सारेच काळे का होते, हे ‘श्रमगीते’ ही नोंद सांगणार नाही. १८६५ च्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत गुलामगिरी रद्द केली ती गुन्ह्याची शिक्षा हा अपवाद ठेवून. त्या फटीतून दक्षिणेतील राज्यांनी काळ्या माणसाला किरकोळ आरोपांवरून पुन्हा मळ्यांवर आणले. मिसिसिपीचा तुरुंग हा हजारो एकरांचा कापसाचा मळाच होता. त्या गाण्याचा ठेका कार्टरच्या रक्तातून आला नव्हता. तो सक्तमजुरीतून आला होता. आणि एवढी गोष्ट सांगायला जागा ज्या एका नोंदीत आहे, ती नोंद ‘कृष्णवर्णीयांचे संगीत’ ही होय.

येथे आपल्यातले काही जुने सहकारी म्हणतील की हा प्रश्न वर्णाचा नसून वर्गाचा आहे. त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. ठोक रक्कम हातावर ठेवून गाण्याचे हक्क काढून घेणे हा प्रकार गरीब गोऱ्या गायकांच्या बाबतीतही घडला. दोन सूच्या काढून कंपनीने एकाच कष्टकरी वर्गाचे दोन गिऱ्हाईक केले, हे मी आताच सांगितले. तरीही बेलीला दौऱ्यावर आपल्या गोऱ्या साथीदारांच्या खाणावळीत जेवता येत नसे. दोघांचे शोषण झाले हे खरे, पण ज्याला जेवायला बसता येत होते त्याला तो फरक दिसला नाही, आणि ज्याला उभे ठेवले त्याला तो रोज दिसला. वर्ग हा शब्द वापरून हा फरक पुसून टाकायचा असेल, तर तो शब्द आपण आळसाने वापरतो आहोत.

आणखी एक अंग आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हे नाव नेहमी वरूनच लादले गेले असे नाही. ‘रेस’ हा शब्दच पाहा. त्या काळची काळ्यांची वृत्तपत्रे तो अभिमानाने वापरीत. आपल्या लोकांसाठी झटणारा तो ‘रेस मॅन’. कंपन्यांनी तो शब्द तेथून उचलला. १९२१ साली हॅरी पेस या काळ्या उद्योजकाने ‘ब्लॅक स्वॉन’ ही तबकड्यांची कंपनी काढली. काळ्यांची गाणी काळ्यांच्याच मालकीच्या कंपनीतून निघावीत, हा हेतू. संचालकांत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस होते. गुलामांच्या गीतांवर १९०३ साली त्यांनी जे प्रकरण लिहिले, त्यातूनच ही गीते म्हणजे एका जनसमूहाने जगाला दिलेला संदेश आहे, ही जाणीव सुशिक्षितांत रुजली. बाजाराची ओढ मात्र इतकी प्रबळ की याच कंपनीने पुढे गोऱ्यांच्या काही तबकड्या खोट्या नावांनी, काळ्यांच्या म्हणून विकल्या. १९२४ मध्ये ती दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली.

पुढेही या नावाबद्दल स्वतः काळ्या कलावंतांचे एकमत कधी झाले नाही. १९६५ साली शिकागोत संगीतकारांनी आपली स्वायत्त संघटना काढली आणि त्यांच्यातून निघालेल्या ‘आर्ट एन्सेंबल’ने ‘थोर कृष्णवर्णीय संगीत’ हे शब्द आपल्या निशाणावर घेतले. त्यांना जॅझ हा शब्द नको होता. तो नाइटक्लबच्या मालकाचा शब्द वाटे. याच्या उलट डेट्रॉइटचा बेरी गॉर्डी. मोटारीच्या कारखान्यात काही काळ कामगार राहिलेल्या या माणसाने १९५९ साली मोटाउन कंपनी सुरू केली; ती त्याच्या मालकीची, गाणारे काळे, पण माल कोणत्या रंगाचा हे सांगायचे नाही असा त्याचा कटाक्ष. त्याची जाहिरात तरुण अमेरिकेच्या संगीताची असे. ड्यूक एलिंग्टन तर दोन्ही बाजूंना दिसतो. कप्प्यांत बसायला त्याने जन्मभर नकार दिला, आणि त्याच माणसाने १९४३ साली कार्नेगी हॉलमध्ये ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ ही आपल्या लोकांच्या इतिहासावरची दीर्घ रचना सादर केली. यात मला विसंगती दिसत नाही. दुसऱ्याने लावलेली पाटी काढून टाकायची आणि आपली कहाणी मात्र आपल्या नावाने सांगायची, असे तो करीत होता.

आपल्याकडे ‘दलित साहित्य’ या शब्दावर १९७० च्या दशकात जो गदारोळ झाला, तो ज्यांना आठवतो त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. साहित्य ते साहित्य, त्याला जात कशाला, असे विचारणाऱ्यांत आपल्या विचारांची चांगली माणसेही होती. मीही तारुण्यात एकदा व्यासपीठावरून तसे बोललो आहे, आणि ते आठवले की आजही अवघडल्यासारखे होते. हा केवळ साम्याचा मुद्दा नव्हे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिने ओकलंडच्या ब्लॅक पँथरचे नाव जाणीवपूर्वक घेतले. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तेथील काळ्या लेखकांची ओळख त्यांनी येथल्या लेखकांना करून दिली. त्या मंडळींना कोणी सांगितले नव्हते की दलितांची अक्षरे वेगळ्या शाईने उमटतात. कोणाच्या अनुभवाला साहित्य म्हणायचे हे आजवर कोणी ठरविले, एवढेच ते विचारीत होते.

तेव्हा नोंद घ्यावी, असे माझे मत आहे. मात्र ती कशी लिहावी, यावर सारे अवलंबून आहे. जॅझ, ब्लूज, सोल, रॅप अशी नावे एकाखाली एक लिहून दिली तर तो ओके कंपनीचा सूचीग्रंथच मराठीत होईल. त्याहून वाईट म्हणजे ती नोंद गावकुसाबाहेरची वस्ती होईल. एकदा तेथे सर्वांची सोय लावली की मुख्य नोंदी निर्वेध राहतात. ‘सिंफनी’त फ्लॉरेन्स प्राइस नको, ‘कंट्री’त बेली नको, कारण त्यांची नावे ‘तिकडे’ आली आहेत! हे घडू द्यायचे नसेल तर बँजोच्या नोंदीत आफ्रिका पहिल्या वाक्यात आली पाहिजे. मी पाहिलेल्या मसुद्यात ती शेवटच्या परिच्छेदात आहे. मुंबईच्या नोंदीतही एक ओळ हवी : १९३५ साली लिऑन ॲबी याचा काळ्या वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, पाठोपाठ टेडी वेदरफर्ड आला, आणि त्यांच्या संगतीत व प्रभावाखाली चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक तयार झाले, तेच पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. मुंबईच्या त्या गाण्यांना कोणी कृष्णवर्णीयांचे संगीत म्हणत नाही, म्हणूही नये. पण कोठून काय आले ते त्या ओळीत असावे.

मूळ नोंदीत काय असावे ते यावरून आपोआप ठरते. १७४० चा कायदा, काजळी फासलेली तोंडे, फिस्कची मुले, १९२० ची तबकडी, यादीची बदलती नावे, ते नाव झिडकारणारे आणि ते अभिमानाने मिरविणारे, असा तिचा मजकूर. सुरांची लक्षणे त्यात येतील, पण व्याख्या म्हणून नव्हे. आफ्रिका खंड, ब्राझील, कॅरिबियन बेटे यांचे संगीत या एकाच पोत्यात भरू नये. दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडाने १९३९ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ‘म्बूबे’ या गाण्यावर जगभर पैसा मिळाला आणि तो १९६२ साली दारिद्र्यात मेला, ही कथा कार्टरच्या कथेला समांतर आहे खरी, परंतु तिच्यामागचे कायदे वेगळे होते आणि तिला तिची जागा मिळाली पाहिजे.

भाषणापूर्वीच एका मित्राने चिठ्ठी पाठवून विचारले आहे की मग ‘गौरवर्णीयांचे संगीत’ अशीही नोंद घेणार काय? त्यांनी ते खोचकपणे विचारले असावे. माझे उत्तर सरळ आहे : घ्यावी. तीत १९२३ ची हिलबिली मालिका येईल, काजळीचे डबे येतील, आणि २०१९ साली एका यादीतून एक गाणे कसे काढले गेले तेही येईल. ती लिहायला कोणी तयार नसेल तर मला आठ दिवस द्या, मी लिहून देतो.